खुब्याचं सांधारोपण: सिमेंटने की सिमेंटविना?

खुब्याच्या सांधारोपणात हाडात दोन भाग बसवायचे असतात. कमरेच्या हाडातल्या खोबणीत वाटी, आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत स्टेम, म्हणजे धातूचा दांडा, ज्याच्या वरच्या टोकाला सांध्याचा गोळा बसतो. हे दोन निर्णय वेगवेगळे आहेत. ‘सिमेंट की बिनसिमेंट’ असं सरसकट विचारलं की गोंधळ तिथेच सुरू होतो. आधी स्टेमचं बोलू, कारण खरा फरक तिथे पडतो.

सिमेंटचा स्टेम

हाडाचं सिमेंट म्हणजे पीएमएमए नावाचं अॅक्रिलिक प्लास्टिक. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी ते १९६० च्या सुमारास रूढ केलं. ते चिकटवण्याचं काम करत नाही. हाडाच्या जाळीदार छिद्रांत शिरून तिथेच कडक होतं आणि त्या अडकण्यावर सगळी पकड असते. जाळीत रक्त आणि चरबी राहिली तर सिमेंट आत शिरत नाही, आणि असा सांधा काही वर्षांनी ढिला पडतो. म्हणून खरी मेहनत सिमेंट भरण्याआधीची: पोकळीत खाली प्लग बसवायचा, दाबाच्या फवाऱ्याने धुवायचं, कोरडं करायचं. मग ४० ग्रॅम भुकटी आणि २० मिली द्रव या प्रमाणातलं मिश्रण निर्वात भांड्यात कालवायचं, गनने खालून वर भरत यायचं, वरून दाब द्यायचा आणि मगच स्टेम घालायचा. स्टेमभोवती सिमेंटचा थर साधारण २ मिमी तरी हवा. कुठे पातळ राहिला तर तिथून तडा जातो. खोली गरम असेल तर सिमेंट लवकर कडक होतं आणि हाताशी मिनिटं कमी राहतात.

गुळगुळीत, निमुळता स्टेम पहिल्या एक-दोन वर्षांत सिमेंटमध्ये १ ते २ मिमी खाली सरकतो. त्याची रचनाच तशी आहे, एक्स-रेमध्ये हे दिसलं म्हणून घाबरू नका.

मोठा धोका एकच, पण गंभीर. सिमेंटवर दाब देताना मज्जेतली चरबी रक्तात ढकलली जाते आणि रक्तदाब व ऑक्सिजन अचानक घसरू शकतात. तीव्र स्वरूपात हे क्वचित घडतं, तरी ते जीवघेणं ठरू शकतं, विशेषतः हृदय किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या वृद्धांत. म्हणून सिमेंट भरण्याआधी सर्जनने भूलतज्ज्ञाला मोठ्याने सांगायचं असतं.

सिमेंटविना स्टेम

इथे टायटॅनियम मिश्रधातूचा, खडबडीत किंवा हायड्रॉक्सीअॅपेटाइटचा (हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचा) लेप दिलेला स्टेम हाडात ठोकून घट्ट बसवतात. पोकळी कानशीसारख्या रास्पने वाढत्या आकारात तयार करतात. सुरुवातीला पकड फक्त घट्टपणाची, नंतर काही आठवडे ते महिन्यांत हाड पृष्ठभागात वाढतं. या काळात स्टेमची हालचाल सुमारे १५० मायक्रॉनच्या (०.१५ मिमी) वर गेली तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते, मग चालताना मांडी दुखत राहते.

बिघडतं ते दोन्ही बाजूंनी. आकार लहान निवडला तर स्टेम खाली सरकतो आणि पाय आखूड होतो. मोठा स्टेम जोरात ठोकला तर हाडाला चीर जाते. चीर तिथल्या तिथे दिसली तर तारेने बांधून निभावतं. नजरेतून सुटली तर पहिल्या काही आठवड्यांत साध्या पडण्यानेही मांडीचं हाड मोडतं, आणि मग दुसरं, अधिक मोठं ऑपरेशन. हाड जितकं पातळ, तितकी ही शक्यता जास्त. कॉलर, म्हणजे हाडाच्या कापलेल्या काठावर टेकणारी कडा, असलेले स्टेम हा सुरुवातीचा धोका कमी करतात.

आकडे काय सांगतात

खुब्याचं हाड मोडलेल्या, ६० वर्षांवरच्या १२२५ रुग्णांवर ब्रिटनमध्ये चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात फक्त मांडीच्या बाजूचा भाग बदलला होता. इम्प्लांटभोवती हाड मोडण्याचं प्रमाण सिमेंटच्या गटात ०.५ टक्के, तर सिमेंटविना गटात २.१ टक्के होतं. जीवनमानही सिमेंटच्या गटात थोडं सरस निघालं. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि स्वीडनच्या राष्ट्रीय सांधारोपण नोंदवह्यांतही हीच दिशा दिसते: ७५ च्या पुढच्या वयात सिमेंटचा स्टेम पुन्हा उघडावा लागण्याचं प्रमाण कमी. तरुण, भक्कम हाडाच्या रुग्णांत मात्र चांगले सिमेंटविना स्टेमही दीर्घकाळ उत्तम टिकतात. ‘सिमेंटविना म्हणजे नवं, म्हणून चांगलं’ हा समज मात्र सोडून द्या.

वाटीचं काय?

वाटीच्या बाजूला रक्त थांबवून हाड कोरडं ठेवणं अवघड असतं, म्हणून तिथे सिमेंट अधिक चुकतं. सिमेंटविना वाटीसाठी खोबणी वाटीपेक्षा १ ते २ मिमी लहान कोरून वाटी दाबून बसवतात, गरज पडली तर स्क्रू लावतात. स्क्रू वर-मागच्या भागात सुरक्षित, पुढे-वर गेला तर मोठ्या रक्तवाहिनीला इजा करू शकतो. सिमेंटविना वाटीत आतलं अस्तर पुढे बदलता येतं, हा मोठा फायदा. मात्र कर्करोगासाठी कमरेला किरणोपचार झाले असतील तर हाड वाढून पकड धरेलच असं नाही, हे सर्जनला आवर्जून सांगा.

निवड करताना

६५ च्या आत, हाड भक्कम: दोन्ही भाग सिमेंटविना, यात वावगं काही नाही. ७५ च्या पुढे, एक्स-रेमध्ये पोकळी रुंद आणि भिंती पातळ, किंवा ऑपरेशन हाड मोडल्यामुळे: स्टेमला सिमेंट, वाटी सिमेंटविना, म्हणजेच हायब्रिड. अधल्यामधल्या वयात वर्षांपेक्षा हाडाच्या भिंतींची जाडी पाहा. सांधा निखळणं हे मुख्यतः भाग बसवण्याच्या कोनावर आणि गोळ्याच्या आकारावर ठरतं, सिमेंटवर नाही. वजन देऊन चालणं दोन्ही पद्धतींत सहसा पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होतं. चीर गेली असेल तरच काही आठवडे वजन मर्यादित ठेवावं लागतं.

सर्जनला विचारा: तुम्ही नेहमी कोणती पद्धत वापरता, आणि या स्टेमचं १० वर्षांनंतर पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण किती? उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने यासाठी ५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. हात ज्या पद्धतीत बसलेला नाही ती केवळ तुमच्या आग्रहाखातर करायला लावू नका. ऑपरेशननंतर इम्प्लांटच्या खोक्यावरची नाव-आकार-लॉट क्रमांकाची लेबलं मागून फाइलमध्ये लावा. पुढे कधी सांधा उघडावा लागला तर नव्या सर्जनला योग्य हत्यारं आणि जुळणारे भाग आधीच मागवता येतात.