६०६१ सांगून दुसरेच ॲल्युमिनिअम गळ्यात मारले

शेतातला भाजीपाला घरी आणण्यासाठी तीनचाकी गाडी स्वतःच बांधायची ठरली, तेव्हा लोहामंडीत भाव काढून मी सांगाड्यासाठी पोलाद जवळजवळ नक्की केले होते. इंदूरमधल्याच एका दुकानदाराने ‘वजन एक तृतीयांश, ताकद तीच’ असे सांगून मला ॲल्युमिनिअमकडे वळवले. वजनाबरोबर ताठपणाही एक तृतीयांशच उरतो, हे तो बोलला नाही. ६०६१-टी६ (६०६१ ही मिश्रधातूची प्रत, टी६ म्हणजे उष्णता देऊन कडक केलेली) म्हणून ५० × ५० मिलिमीटरच्या, ३ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी नळ्या त्याने ५२० रुपये किलोने दिल्या, ३६.५ किलोचे १८,९८० रुपये मी रोख मोजले.

खरे पितळ तिथेच उघडे पडायला हवे होते. मालाच्या प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवर हीट नंबर (धातूच्या ओतीव घाण्याचा क्रमांक) होता, नळ्यांवर कुठेही नव्हता. विचारले तर उत्तर आले, “भिया, नंबर तो बंडल पे रहता है.” सुटा माल घेणाऱ्याला हे पटण्यासारखेच होते, शिवाय ६०६१ आणि दारे-खिडक्यांचे ६०६३ रंगाला सारखे, वजनालाही सारखे, मग डोळ्यांनी कोण ओळखणार? बिलावर धातूची प्रत (ग्रेड) लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या बिलावर नुसते ‘ॲल्युमिनिअम सेक्शन’ आहे.

वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळ टी६ची ताकद बरीच घटते, हे जाणूनच मी ६०६३पेक्षा मजबूत अशा ६०६१चा आग्रह धरला होता. वेल्डिंगचे ९,४०० रुपये गेले आणि सव्वा क्विंटल माल चढवताच मागच्या आसापाशी नळी वाकली. १,१८० रुपये भरून धातूतील घटकांची तपासणी केली, तर तांबे अवघे ०.०२ टक्के निघाले. ६०६१मध्ये ते किमान ०.१५ टक्के लागते. ही तपासणी कापण्याआधी एका तुकड्यावर करून घ्या. एकूण २९,५६० रुपये बुडाले.

पोलीस चौकीत अहवाल उघडूनही न पाहता ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून मला वाटेला लावले. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, असे म्हटल्यावर बिलावर ६०६१ कुठे लिहिले आहे ते दाखवा, असे मलाच दरडावले. ग्राहक हेल्पलाइनने तक्रार दुकानदाराकडे पाठवली, त्याने ‘माल बरोबर दिला’ एवढेच कळवले आणि तेवढ्यावर ती बंद झाली! ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचाच शब्द प्रमाण मानायचा असेल तर अहवाल मागवता कशाला? जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही; गाडी घरच्या वापरासाठी आहे हे अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर व्यापारी खरेदी म्हणून समोरचा हरकत घेतो. वाकलेली नळी मी भंगारात दिलेली नाही. अर्जासोबत तोच पुरावा जोडला आहे.