तालुक्याची बीआरसी : चार स्टार, पाचवा का कापला ते वाचा

हॉटेलचे रिव्ह्यू आपण हौसेनं टाकतो, शेंगाचटणी भारी होती, भाकरी गार होती वगैरे, पण झेडपीच्या शाळा ज्या ऑफिसच्या जोरावर चालतात त्याच्याबद्दल कोण एक ओळ लिहीत नाही, म्हणून मी लिहायलोय. आमच्या तालुक्याचं गटसाधन केंद्र, शाळेत सगळे त्याला बीआरसी म्हणतात. तालुका कुठला ते टाकत नाही, सोलापूर जिल्ह्यात ११ आहेत, त्यातला एक समजा.

बऱ्याच पालकांना हा प्रकार काय आहे हेच माहीत नसतंय. शाळा, हेडमास्तर आणि डायरेक्ट झेडपी, एवढंच डोक्यात. मधी दोन पायऱ्या आहेत ओ. साधारण दहा-बारा शाळा मिळून एक केंद्र, त्याला केंद्रप्रमुख, आणि अशी सगळी केंद्रं तालुक्याच्या बीआरसीला जोडलेली. तिथं गटशिक्षणाधिकारी, विषयतज्ज्ञ, दिव्यांग मुलांसाठीचे विशेष शिक्षक आणि कॉम्प्युटरवर डेटा भरणारी मंडळी. त्याच्या वर जिल्ह्याची डाएट, शिक्षकांच्या ट्रेनिंगची संस्था, आणि ती सोलापुरात नाहीच, पार माळशिरस तालुक्यात वेळापूरला आहे, माउलींची पालखी मुक्कामाला असते ते वेळापूर. आता अक्कलकोटकडच्या मास्तरनं तिथं जायचं म्हणजे अख्खा जिल्हा आडवा कापायचा. त्यामुळं रोजच्या अडीअडचणीला बीआरसीच जवळची.

माझी ओळख सांगतो म्हणजे कुठल्या बाजूनं बोलायलोय ते कळंल. युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला आहे, गावातल्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे. धाकट्या पोरीला ऐकू कमी येतं. घरी आम्ही म्हणायचो लक्ष देत नाही, टीव्हीचा आवाज वाढवती, हट्टी आहे. दुसरीच्या वर्गातल्या मॅडमनी ओळखलं, त्यांनी केंद्रप्रमुखांना सांगितलं, आणि बीआरसीतून विशेष शिक्षिका शाळेत आल्या. पोरीला पाठमोरी उभी करून हळू आवाजात नावं घेतली, वहीत टिपून घेतलं आणि तिथल्या तिथं मला फोन लावला, दोन दिवसांत या म्हणाल्या. फी नाही, चिठ्ठी नाही, कुणाची ओळख नाही. चार स्टार दिलेत त्यातले निम्मे या मॅडमचे.

त्यांनी पुढचं सगळं एका कागदावर लिहून दिलं आणि हे मला लै आवडलं, कारण सरकारी ऑफिसात असं कोण लिहून देत नाही. आधी सिव्हिलला कानाची तपासणी, बेरा टेस्ट (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायची), मग दिव्यांग सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. सवलतींना बहुतेक ठिकाणी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. मग शाळेच्या यूडायस प्लसवर, म्हणजे शाळा-पोरांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर, पोरीची नोंद दिव्यांग म्हणून झालीय का बघायचं, कारण वरून जे काय येतं, भत्ता असो की साहित्य, ते त्या नोंदीवर येतं, तुमच्या हातातल्या सर्टिफिकेटवर नाही. दिव्यांग मुलींना समग्र शिक्षा या सरकारी शाळा योजनेतून महिना २०० रुपये, वर्षातले १० महिने, असा भत्ता आहे हे मला त्यांच्याकडनंच कळलं. २०० रुपयात काय होतंय म्हणाल, कानाच्या मशीनचे सेल तरी येतात की.

आता मशीनचं. तालुक्यात तपासणी कॅम्प झाला, कानाचं माप घेतलं, पोरगी खूश, आणि मग नुसती वाट बघणं. मशीन आलं तोवर पोरगी पुढच्या वर्गात गेलेली. कानात बसतो तो साचा घट्ट व्हायला लागलेला कारण पोरांचा कान वाढतो, हे माप घेणाऱ्यांना माहीत नसंल असं नाही. चौकशी केली की बीआरसीवाले म्हणायचे वरून आलं नाही, वर विचारलं की तालुक्याला विचारा. पाचवा स्टार इथं गेला. मॅडम बिचाऱ्या दर वेळी फोन उचलायच्या पण त्यांच्या हातात काही नव्हतं, आणि बीआरसीत असं काम करणारी बरीच माणसं वर्षानुवर्षं करारावर राबलेली आहेत, साहेबांची बदली होती आणि फायली कुठं आहेत ते यांनाच ठाऊक असतंय.

ऑफिसबद्दल. शनिवार टाळा, व्हीसी (वरच्या साहेबांची व्हिडिओ मीटिंग) असंल तो दिवस टाळा, यूडायस भरायच्या दिवसांत तर जाऊच नका, सगळे कॉम्प्युटरला चिकटलेले असतात आणि बाहेर हेडमास्तरांची रांग. बसायला बाकडं आहे, पाणी आहे, पण कुणाकडं काय काम आहे याची पाटी नाही, प्रत्येकाला विचारत फिरा. एक बरं बघितलं. आमच्या भागात कन्नड बोलणारी माणसं भरपूर, कन्नड माध्यमाच्या झेडपी शाळा पण आहेत. एक आज्जी नातवाचं काहीतरी घेऊन आलेली, मराठीत अडखळायली, तर टेबलावरचा माणूस पट्कन कन्नडवर आला, बर्री अज्जी, कूड्री (या आज्जी, बसा), आणि पाच मिनिटात काम. शहरात पूर्व भागात गेला तर तेलुगू लागंल, सोलापूरला एका भाषेत भागत नाही. पण हेच ट्रेनिंगला होत नाही असं आमच्या शेजारच्या कन्नड शाळेचे सर सांगायलेत. बालभारती पुस्तकं कन्नडमधी छापती, उर्दूत छापती, आणि ट्रेनिंगचा पीपीटी मात्र मराठीच, मग घरी जाऊन ज्यानं त्यानं आपलं आपण भाषांतर करायचं.

ट्रेनिंगवरून आठवलं, समितीच्या पालकांचं पण एक असतं केंद्रावर. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका पाहिजेत असं लिहिलंय, शाळेचा विकास आराखडा पण याच समितीनं करायचा. आमच्या ट्रेनिंगला अर्धा दिवस सत्कार आणि नारळात गेला. दुपारनंतर एका तरुण विषयतज्ज्ञानं मात्र आमच्याच शाळेचे आकडे पडद्यावर लावले, किती पोरं वाचतात, कितीजण अडखळतात, आणि विचारलं तुम्ही काय करणार. बायका जास्त बोलल्या. सरपंचांच्या भाषणाऐवजी दिवसभर हेच चालवलं असतं तर बरं झालं असतं.

माढा तालुक्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेवर असताना रणजितसिंह डिसले सरांना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, पुस्तकावर क्यूआर कोड वगैरे, त्यांचं नाव जिल्ह्यात कुणालाही विचारा. पण प्रत्येक गावाच्या वाट्याला तसा मास्तर येत नाही ना. एका शाळेत जमलेली गोष्ट बाकीच्या शाळेत न्यायची कुणी, तर बीआरसीनं आणि केंद्रप्रमुखानं, महिन्याला शिक्षण परिषद त्यासाठीच असती. आमच्याकडं ती कधी चांगली होती, कधी नुसती सह्यांची. केंद्रप्रमुख दमदार असला की होती, एवढं साधं आहे, आणि जिथं एका माणसाकडं दोन केंद्रांचा चार्ज तिथं तो तरी काय करणार.

आमचे केंद्रप्रमुख दमदार आहेत. कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाच्या कडंला कोप्या पडतात आणि त्यात शाळेच्या वयाची पोरं असतात. हे सर मुकादमाला गाठून पोरांची यादी करतात, गावाकडच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं) दिलंय का बघतात, नसंल तरी जवळच्या शाळेत वयाप्रमाणं बसवतात, दाखल्यावाचून अडवायचं नाही असा कायदाच आहे. काही पोरं पंधरा दिवसांत परत फडात दिसतात, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करायला, धाकट्याला सांभाळायला. सर परत जातात. फुलं-हार काही नाही याला.

पुस्तकांचं काम चोख, जूनमधी शाळा उघडायच्या आधी बीआरसीतून केंद्रावर आणि तिथनं शाळेत पोचतात, तक्रार नाही. गणवेशाचं विचारू नका. २०२४ ला राज्यभर एकच गणवेश म्हणून कापड वरून आणि शिलाई बचत गटांकडं असं ठरलं, डिसेंबरात परत शाळा समितीकडं दिलं. युनिफॉर्म जिथं शिवून बाहेर जातात त्या सोलापुरातला मी कटिंगवाला, यावर बोलायला लागलो तर वेगळा रिव्ह्यू लिहावा लागंल.

ज्यांच्या पोराला ऐकू, दिसणं, बोलणं, शिकणं यातलं काहीही जड जातंय त्यांनी आधी वर्गशिक्षकाला सांगा, मग बीआरसीत जाऊन थेट विशेष शिक्षक कोण एवढंच विचारा, साहेबांच्या केबिनबाहेर बसू नका. आधारची झेरॉक्स, दोन फोटो, शाळेचं बोनाफाइड सोबत ठेवा. आणि कॅम्पची तारीख हेडमास्तरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडती, तिथनं पालकांपर्यंत येईलच असं नाही, म्हणून दिवाळीची सुट्टी संपली की दर आठवड्याला हेडमास्तरांना आठवण करायची, वैतागले तरी चालतील.