दिएनहोंग: आठ महिन्यांनंतर

गेल्या मार्चपासून घरी दिएनहोंग पितोय. चीनच्या युन्नान प्रांतातला हा चहा. ‘दिएन’ हे युन्नानचं जुनं नाव आणि ‘होंग’ म्हणजे तांबडा. आपण ज्याला काळा चहा म्हणतो, तो चिनी लोकांच्या लेखी तांबडाच. जपानबरोबरच्या युद्धात पूर्वेकडचे मळे धोक्यात आले, तेव्हा चहातज्ज्ञ फेंग शाओच्यू यांनी 1938-39 मध्ये युन्नानमधल्या आजच्या फेंगचिंगला हा बनवायला सुरुवात केली. झाड मोठ्या पानाचं, म्हणजे आसामी चहाच्याच जातीचं. आपल्याकडे ती पानं बहुतेक चिरडून, दाणेदार करून येतात. इथे पान अख्खं असतं.

पहिल्या दिवशी सवयीने पातेल्यात टाकून पाच मिनिटं उकळला, दूध घातलं. सगळा सुगंध वाफेबरोबर गेला आणि जिभेवर नुसता तुरटपणा राहिला.

मग गायवान आणली. ही झाकणाची छोटी वाटी. माझीत 110 मिली पाणी मावतं. त्यात 5 ग्रॅम पत्ती. पाण्याला उकळी आली की दोनेक मिनिटं थांबतो. पहिलं पाणी दहा सेकंदांत ओतून घ्यायचं, पुढच्या प्रत्येक वेळी थोडं जास्त थांबायचं. त्याच पत्तीतून सहा वेळा तरी चहा निघतो. दुसरं आणि तिसरं पाणी सगळ्यात सुंदर: मध, कोको, आणि शेवटी मिऱ्याची बारीक चुणूक. आईने वाटीचं झाकण नाकाशी धरलं आणि म्हणाली, “अरे, हा तर एकादशीच्या उकडलेल्या रताळ्याचा वास!” तेव्हापासून मला दुसरी उपमा सुचत नाही. कोऱ्या चहाला नाक मुरडणारी आई आता तिसरं पाणी स्वतःसाठी मागून घेते, साखरेशिवाय.

मी दोन प्रकार घेतले होते. एकात निव्वळ सोनेरी अंकुर, दुसऱ्यात अंकुर आणि पानं मिसळलेली. सोनेरी दिसायला देखणा आणि फार गोड, पण घोटात भार नाही. शिवाय किंमत दुप्पट. रोजच्यासाठी मिसळलेलाच घ्या, असं मी अगदी ठामपणे सांगेन. सकाळी जो दमदारपणा हवा असतो, तो त्यात आहे.

एकदा पेला तसाच राहिला आणि गार झाल्यावर चहा गढूळ दिसू लागला. खराब झाला असं वाटून मी तो ओतून टाकला, त्याची अजून हळहळ वाटते. थंड होताना चहातली थिआफ्लेविन्स (त्याला रंग आणि चव देणारी द्रव्यं) आणि कॅफिन एकमेकांना धरतात, म्हणून ते होतं. गरम केलं की पुन्हा नितळ. जाणकार तर याला कसदार चहाची खूण मानतात.

पाणी मात्र जपा. बोअरच्या जड पाण्यात रंग काळपट येतो, वर तवंग धरतो आणि मधाचा वास हरवतो. गाळलेल्या पाण्याने तोच चहा लख्ख तांबडा उतरला.

पावसाळ्यात खरा फटका बसला. क्लिप लावलेल्या पाकिटातली पत्ती जुलैअखेर मऊ पडली, सुगंध निम्मा उरला. दुसरी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मसाल्यांपासून लांब ठेवली होती. ती अजून छान आहे. फ्रिजमध्ये ठेवू नका, उघडताना दव धरतं.

आता डब्यात तीन-चार दिवसांपुरतीच पत्ती आहे. पुढची मागवलीय, मिसळलेलीच, आणि या वेळी शंभरच ग्रॅम.