माझंच मॅनिफोल्ड मला विकलं

जुनी गाडी सांभाळणाऱ्या नाशिककरांसाठी लिहितोय. गॅरेजचं नाव देत नाही, तक्रार अजून चालू आहे. पण ही युक्ती कोणत्याही गॅरेजात चालू शकते, म्हणून तीच नीट सांगतो.

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, बाबांनी घेतलेली. हँडगिअर, १०८९ सीसी. दिवाळीनंतर सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन मिनिटं बॉनेटखालून टकटक यायची आणि इंजिन तापलं की कमी व्हायची. धुराच्या सांध्यातलं पॅकिंग, म्हणजे फट बंद ठेवणारी पातळ पट्टी, गेलं की असंच होतं. थंड असताना फट मोठी असते, धातू तापून फुगला की थोडी बुजते. मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या भागाला, सायलेन्सरचा पाइप जिथे जोडतात तिथे काजळी साचली होती. पाइपही खालून इतका गंजला होता की बोट लावलं तरी पापुद्रे निघायचे. म्हणजे काम खरोखरच होतं, गॅरेजवाल्याला काही रचावं लागलं नाही. तो म्हणाला,

"काका, ३०४ स्टेनलेसचा पाइप बनवून देतो. तुमचा मुलगा गाडी चालवेल तोवर गंजणार नाही." पाइपचे नऊ हजार, मजुरी अडीच. मी दहा हजार ॲडव्हान्स दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "काका, नट सोडताना मॅनिफोल्डला तडा दिसला. फोटो टाकलाय." फोटोत काळं बीड आणि त्यात केसासारखी रेघ. फोटो इतका जवळून काढलेला की आजूबाजूचं काहीच दिसत नव्हतं. हे मला आता कळतंय. तेव्हा पटलं, कारण वर्षानुवर्षं तापून गंजलेले नट सुटत नाहीत, जोर लावला की स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, तुटतो, नाहीतर बिडाचा कान तडकतो. हे मी आधीही भोगलंय.

पुढचं त्याने फार छान रचलं. "२०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या ना, तेव्हापासून मालच संपला. कुर्ल्याला माझा एक माणूस आहे, त्याच्याकडे शेवटचा पीस आहे. साडेआठ हजार. आज सांगा, उद्या नसेल." टॅक्सी बंद झाल्या हे खरं. पद्मिनीचा कारखाना कुर्ल्यालाच होता, हेही खरं. दोन खऱ्या गोष्टींच्या मधे तिसरी सहज खपली. मी उभ्या उभ्या यूपीआय केलं.

गाडी आणायला गेलो तर बॉनेटखाली सगळं चंदेरी. मॅनिफोल्ड चकचकीत, पाइप चकचकीत. मी विचारलं, "जुनं मॅनिफोल्ड कुठंय?"

"भंगारवाला कालच घेऊन गेला, काका. काय करणार त्या तुकड्याचं?"

मी "बरं" म्हणालो. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. जुना पार्ट आपला असतो, तो घरी आणायचा, मग तो भंगारात फेकायचा असला तरी. आणि तडा बघायचा तर गॅरेजात जाऊन, पार्ट हातात घेऊन. जाणं जमत नसेल तर नंबर प्लेटसकट गाडी दिसेल असा फोटो मागायचा. वीस हजार दिले आणि बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान मिळालं, त्यावर फक्त आकडे.

तीन आठवड्यांनी त्र्यंबकेश्वरहून येताना बायको म्हणाली, "डोकं जड झालंय, काच खाली घ्या." माझंही जड होतं. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि पॅकिंगमधून गळणारा धूर केबिनमध्ये शिरू शकतो. चारही काचा उघड्या ठेवून घरी आलो.

इंजिन गार झाल्यावर बॉनेट उघडलं. चंदेरी रंग करपून पोपडे सुटले होते, म्हणजे साधा स्प्रे मारला होता. एक पोपडा नखाने काढला आणि खाली पिवळी रेघ दिसली. फ्लँजच्या, म्हणजे पाइप जोडायच्या सपाट कडेच्या, कानावर दोन बोटं लांब, जराशी वाकडी, शेवटी मुगाच्या दाण्याएवढा थेंब.

ती रेघ मी ओळखतो. १९९८ साली तो कान तुटला तेव्हा भद्रकालीत एका गॅसवेल्डरकडून बाबांनी त्यात पितळ भरून घेतलं होतं. मॅनिफोल्ड सायकलच्या कॅरिअरला बांधून मीच नेलं होतं. शेवटी वेल्डरचा हात थांबला आणि तो थेंब राहिला, म्हणून बाबा कुरकुरले होते. कुर्ल्याचा शेवटचा पीस म्हणे!

अंबडच्या एका म्हाताऱ्या फिटरकडे गेलो. त्यांनी सगळं उघडून दाखवलं. तडा कुठेच नव्हता. एक स्टड आत तुटलेला, त्यावर एमसील भरून रंग मारलेला. एमसील मॅनिफोल्डच्या उष्णतेत टिकत नाही, तसं तेही जळून भुगा झालं होतं. फ्लँज वाकडी, म्हणून पॅकिंगवर पॅकिंग चढवलेलं. पाइपला लोहचुंबक लावलं तर टपकन चिकटलं. यात एक सांगायला हवं. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये वापरतात ते ४०९ स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं, त्यामुळे चिकटलं म्हणजे लोखंडच असं नाही. पण मला कबूल केलेलं ३०४ असं घट्ट चिकटत नाही. शिवाय कानशीने रंग खरवडला तर खाली गंज. नवा म्हणून विकलेल्या पाइपला आतूनच तांबेरा चढलेला.

त्यांनी स्टड ड्रिल करून काढला, आटे पाडले, फ्लँजचं फेसिंग करून, म्हणजे ती घासून सपाट करून, घेतली, नवं पॅकिंग टाकलं आणि पितळी नट लावले. पितळी नट स्टडवर गंजून अडकत नाहीत. खर्च दोन हजार आठशे. टकटक बंद.

मग त्या गॅरेजात गेलो. २०२१ साली इंजिन धुतल्यावर काढलेला फोटो सापडला होता, त्यात पिवळी रेघ स्पष्ट दिसते. फोटो बघून तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "पोरानं गफलत केली असेल, काका." मी विचारलं, "अरे, मग कुर्ल्याचा पीस कुठंय?" त्यावर चहा मागवला. मी प्यायलो नाही. संध्याकाळी पाच हजार खात्यात आले, सोबत मेसेज: "विषय संपवा." पाइपबद्दल मात्र तो अडून बसला. "३०४च आहे, तुमचं चुंबक खराब असेल."

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पक्कं बिल नाही, याचा त्रास होणार हे दिसतंय. हाताशी आहेत ते यूपीआयचे व्यवहार, वहीचं पान आणि व्हॉट्सॲपवरचा त्याचाच मेसेज, "मॅनिफोल्ड आलं कुर्ल्याहून, ८५०० टाका." तो त्याने अजून डिलीट केलेला नाही, आणि मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.