डब्ल्यूएम कॉपीडेटा: जुनं आहे पण काउंटरवर अजून चालतंय

दोन एक्सईंच्या (चालू प्रोग्रामच्या) मधे डेटा फिरवायचाय म्हटलं की आजकाल जो तो लगेच सॉकेट उघड, लोकल सर्व्हर लाव, जेसन पाठव असंच सांगतो. आमच्याकडे वजनकाटा वाचणारा जुना डेल्फीतला प्रोग्राम आणि सी शार्पमधलं बिलिंग, दोन्ही एकाच पीसीवर, मग पोर्ट कशाला उघडायचा? फायरवॉलचा पॉपअप दिसला की काउंटरवरचा पोरगा घाबरून फोन करतो. म्हणून डब्ल्यूएम कॉपीडेटा, म्हणजे एका प्रोग्रामकडून दुसऱ्याच्या विंडोला डेटा देणारा विंडोजचा ७४ नंबरचा मेसेज वापरतोय, आणि माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.

काम साधं आहे. फाइंडविंडोने समोरची विंडो शोधायची, स्ट्रक्चरमधे तीन गोष्टी भरायच्या (आपल्या ओळखीचा एक नंबर, किती बाइट्स, आणि डेटाचा पॉइंटर, म्हणजे तो मेमरीत कुठे आहे तो पत्ता) आणि सेंडमेसेज (समोरच्याचं उत्तर येईपर्यंत थांबणारं फंक्शन) मारायचा. एका प्रोसेसची मेमरी दुसरीला दिसत नाही ना, तर ती कॉपी करायची हमाली विंडोज स्वतः करतं. एक बाजू ३२ बिट आणि दुसरी ६४ बिट असली तरी चालतं, फक्त सी शार्पमधे पहिलं फील्ड इंट नाही, इंटपीटीआर (३२ बिटवर ४ आणि ६४ बिटवर ८ बाइट्सचा होणारा टाइप) ठेवा, नेटवर फिरणारे बरेच कोड इथेच ६४ बिटवर झोपतात.

पोस्टमेसेजने (मेसेज टाकून न थांबता पुढे जाणाऱ्या फंक्शनने) पाठवायला जाऊ नका, होतच नाही. कारण पॉइंटर फक्त समोरचा मेसेज हाताळत असेल तेवढाच वेळ जिवंत असतो, म्हणून पाठवणाऱ्याला थांबावंच लागतं, आणि खरी डोकेदुखी ही थांबण्याचीच आहे. बिलिंगने मेसेज आल्या आल्या "रेट टाका" असा डायलॉग दाखवला की तो बंद होईपर्यंत काट्याचा प्रोग्राम पण गप्प. त्यामुळे घेणाऱ्याने डेटा लगेच आपल्याकडे कॉपी करून घ्यायचा, स्वतःलाच एक मेसेज पोस्ट करायचा आणि परत फिरायचं, बाकी काम नंतर. आणि पाठवताना ठरावीक वेळच थांबणारं सेंडमेसेजटाइमआउटच वापरा, बाकी कुणी काही सांगो.

विंडोज व्हिस्टापासून अजून एक लफडं आहे. बिलिंग ॲडमिन म्हणून चालू असेल आणि काटा साध्या युजरचा, तर मेसेज मधेच अडवला जातो. विंडोज ७ पासून चेंजविंडोमेसेजफिल्टरईएक्स (हा मेसेज आत येऊ दे असं सांगणारं फंक्शन) आहे, ते घेणाऱ्या बाजूला लावायचं. पण काटा विंडोज सर्व्हिस म्हणून चालवत असाल तर विसरा, सर्व्हिस वेगळ्या सेशनमधे असते, तिथून तुमची विंडो सापडतच नाही, सरळ नेम्ड पाइप (विंडो न लागता दोन प्रोग्राम जोडणारी विंडोजची सोय) घ्या.

कुणी म्हणेल हे खेळणं आहे, तर पुटीचा (रिमोट लॉगिनच्या प्रोग्रामचा) किल्ल्या सांभाळणारा पेजंट आणि फाइल शोधणारा एव्हरीथिंग सर्च यांनीही हाच मेसेज वापरलाय, आपल्या जुन्या विनॲम्पला गाण्याची फाइल पण याच्यातूनच देता यायची. सिक्युरिटी मात्र शून्य धरा, डेस्कटॉपवरचा कुठलाही प्रोग्राम काहीही पाठवू शकतो, नंबर आणि साइज तपासल्याशिवाय वाचू नका.

एक स्टार कापलाय तो लांबीसाठी. तिथे अक्षरं नाही, बाइट्स द्यायचे असतात आणि चुकलं तर एरर पण येत नाही. विंडोजच्या युनिकोडमधे (यूटीएफ-१६, इथे काना, अनुस्वार धरून दर चिन्हाला दोन बाइट्स) "तांदूळ" म्हणजे ६ चिन्हं, १२ बाइट्स, कुणी ६ दिले की बिलावर नुसतं "तां" छापून येतं आणि गिऱ्हाईक विचारतं हे काय घेतलं मी.