एनपीचा ऑनलाइन कोर्स: फी बघायची की प्रीसेप्टर?

गेल्या महिन्यात कोल्हापूरकडची एक मुलगी जेवायला घरी आली होती. ह्यूस्टनमधल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत नर्स आहे, नाइट करते, इथे येऊन चार वर्षं झाली, ग्रीन कार्ड आहे. आमटी-भात संपायच्या आत तिने लॅपटॉप उघडला. शीटमध्ये अकरा विद्यापीठं आणि चार रकाने: फी, सेमिस्टर किती, रँकिंग, प्रवेश सोपा की कठीण. "ताई, यातलं कुठलं घेऊ?"

पाचवा रकाना नव्हता. प्रीसेप्टर, म्हणजे ज्याच्या हाताखाली पेशंट बघायला शिकायचं तो एनपी किंवा डॉक्टर, कोण शोधून देणार?

नर्स प्रॅक्टिशनर (एनपी, म्हणजे पेशंट तपासून औषधं लिहून देणारी नर्स) व्हायचंय पण नोकरी सोडणं परवडणार नाही, अशा बहुतेक जणी ऑनलाइन कोर्सकडे वळतात. मीही वळले. पण ऑनलाइन होतो तो अर्धाच कोर्स. पॅथोफिजिऑलॉजी आणि फार्माकॉलॉजी घरच्या टेबलावर, मुलं झोपल्यावर होऊन जातं. पुढचे तास मात्र खऱ्या दवाखान्यात, खऱ्या पेशंटसमोर, एखाद्या एनपीच्या किंवा डॉक्टरच्या हाताखाली भरावे लागतात. एनपी शिक्षणाच्या २०२२च्या अमेरिकी राष्ट्रीय निकषांनी हे तास किमान ५००वरून किमान ७५० केले. तीन सेमिस्टरमध्ये वाटले तर प्रत्येकी २५०. पंधरा आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर आठवड्याला साधारण सतरा तास, म्हणजे दोन पूर्ण दिवस क्लिनिकमध्ये. त्यावर बारा-बारा तासांच्या तीन नाइट. झोप कुठे बसते ते तुम्हीच कागदावर मांडून बघा.

आणि हे २५० तास देणारा माणूस कोण, तो कोणी शोधायचा, यावर सगळा कोर्स अडतो.

माझं विद्यापीठ स्वस्त होतं, मान्यता होती, शिकवणंही चांगलं होतं. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'प्लेसमेंटसाठी विद्यार्थ्यांना सहकार्य केलं जाईल.' प्लेसमेंट म्हणजे हे तास भरायची जागा. सहकार्य म्हणजे दोन वर्षं जुनी एक यादी निघाली. निम्मे नंबर बंद, एक डॉक्टर निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेलेले. मग मी सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा पांढरा कोट घालायचा, फाइलमध्ये रेझ्युमे, लसींची कागदं, विद्यापीठाचं पत्र घ्यायचं आणि ह्यूस्टनच्या उपनगरांत, शुगर लँडपासून केटीपर्यंत, एकेका क्लिनिकचे उंबरे झिजवायचे. रिसेप्शनवरची मुलगी फाइल ठेवून घ्यायची आणि फोन काही यायचा नाही. चोवीस ठिकाणी गेले. लहान मुलांच्या रोटेशनला तर कोणी दारातच उभं करेना. शेवटी मंडळाच्या गणपतीत, मोदकाच्या रांगेत एक बालरोगतज्ज्ञ भेटल्या, सांगलीच्या. त्यांनी विचारलं, "मंगळवार-गुरुवार चालेल का?" तेवढ्यात झालं. तोवर माझं एक सेमिस्टर वाया गेलं होतं आणि पैसे घेऊन प्रीसेप्टर जुळवून देणाऱ्या एका एजन्सीने तासाला १५ डॉलर सांगून ठेवले होते. २५० तासांचे किती होतात ते मी पहाटे तीन वाजता ब्रेकरूममध्ये मोजलं होतं: ३,७५०. म्हणजे 'स्वस्त' कोर्स.

तेव्हा या अकरा नावांची तुलना फीच्या रकान्यापासून करू नका.

आता डावं-उजवं. या मुलीच्या यादीतली नावं ढोबळमानाने तीन गोतावळ्यांत बसत होती, आणि तुमच्याही यादीत बहुधा तीच असतील.

पहिला गोतावळा आपल्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठांचा. टेक्ससमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस ॲट आर्लिंग्टन आणि टेक्सस वूमन्स युनिव्हर्सिटी ही दोन नावं आपल्या नर्सेसच्या तोंडी असतात. राज्यात राहणाऱ्यांना फी कमी पडते, इथल्या हॉस्पिटलांना नावं ओळखीची, आणि टेक्ससच्या नर्सिंग बोर्डाला चालेल की नाही ही धाकधूक नाही. प्रवेशाला चुरस असते, तारखा ठरलेल्या असतात, चुकली की चुकली.

दुसरा, नावाजलेल्या खाजगी विद्यापीठांचा. जॉर्जटाऊनच्या ऑनलाइन कोर्सला प्लेसमेंट बघणारी वेगळी टीम आहे. व्हँडरबिल्टसारख्या ठिकाणी दर सत्रात काही दिवस नॅशव्हिलला जाऊन बसावं लागतं. फी ऐकून पोटात गोळा येतो, त्यात विमान आणि हॉटेल धरा. पण तुमच्यासाठी फोन फिरवणारा माणूस पगारावर ठेवलेला असतो, आणि तो नेमका या फीमधून येतो.

तिसरा, मोठ्या खाजगी कंपन्यांच्या विद्यापीठांचा. वॉल्डन आणि चेंबरलेन ही दोन्ही आज एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. त्या दोघींची तुलना करत बसतात. वर्षातून अनेकदा प्रवेश, अर्ज सुटसुटीत, ॲडव्हायजरचा फोन दोन दिवसांत. तो फोन विक्रीचा असतो हे लक्षात ठेवून बोलायचं, बाकी वाईट काही नाही. इथून शिकलेल्या उत्तम एनपी मी पाहिल्यात. माझा आक्षेप एवढाच, की प्रवेश सोपा म्हणजे पुढचं सोपं असं पोरींना वाटतं.

याशिवाय दोन नावं कुठल्याच गोतावळ्यात बसत नाहीत. केंटकीतली फ्रंटिअर नर्सिंग युनिव्हर्सिटी: मेरी ब्रेकिनरिज यांनी १९२५ मध्ये डोंगराळ भागात घोड्यावरून फिरणाऱ्या नर्सेसची सेवा सुरू केली, त्यातून उभी राहिलेली. खेड्यात किंवा लहान गावात राहणारी, तिथल्याच दवाखान्यात तास भरू शकणारी नर्स असेल तर हे तिच्यासाठी आहे. आणि वेस्टर्न गव्हर्नर्स: सहामाहीची ठरावीक फी, त्यात जेवढं उरकाल तेवढं तुमचं. थिअरी भराभर उरकणाऱ्यांना फायदा होतो, पण पेशंटसमोरचे तास भराभर उरकत नाहीत, ते घड्याळाप्रमाणेच जातात.

मग कुठलं? माझं मत सरळ आहे. तुमच्या हॉस्पिटलात पाच-सहा एनपी ओळखीच्या आहेत, दोन डॉक्टरांनी 'ये माझ्याकडे' असं आधीच म्हटलंय, तर राज्याचं स्वस्त विद्यापीठ घ्या आणि डोळे झाकून घ्या. इथे येऊन दोन-तीन वर्षंच झालीत, नवरा-मुलं आणि शिफ्ट यापलीकडे शहरात कोणी माहीत नाही, तर प्लेसमेंटची लेखी हमी देणाऱ्याला जास्त पैसे मोजणं शहाणपणाचं आहे. इथेच वाढलेल्या मुलीची मावशी नर्स असते, शेजारी डॉक्टर असतो, शाळेतली मैत्रीण एनपी असते. आपल्याकडे तो साठा नसतो, आणि ऑनलाइन कोर्स नेमका तोच साठा मागतो. वशिला आपल्या गावीच लागतो असं वाटायचं मला.

लेखी हमी म्हणजे काय, तेही बघा. 'सहकार्य', 'मार्गदर्शन', 'मदत' हे शब्द एका बाजूला, आणि 'न मिळाल्यास आम्ही जागा देऊ' दुसऱ्या बाजूला. जागा घरापासून किती मैलांवर, हेही विचारा. एका मैत्रिणीला जागा मिळाली खरी, पण दीड तासाच्या ड्राइव्हवर.

फीच्या आधी अजून एक प्रश्न आहे, आणि तो या मुलीने विचारलाच नव्हता. ती आयसीयूची, आणि सगळ्या अकरा ओळींत तिने एफएनपी लिहिलेलं. एफएनपी म्हणजे फॅमिली, बाळापासून आजीपर्यंत, पण बाह्यरुग्ण विभागातलं. आयसीयूतच राहून एनपी म्हणून राउंड घ्यायचे असतील तर ॲक्यूट केअरचा वेगळा ट्रॅक आणि वेगळी सर्टिफिकेशन परीक्षा आहे. पुष्कळ हॉस्पिटलं आता आयसीयूसाठी तेच मागतात. एफएनपी करून परत आयसीयूत यायचं म्हणून पुन्हा पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट करणाऱ्या दोघी मला माहीत आहेत. मानसोपचाराचा पीएमएचएनपी ट्रॅक सध्या सगळ्यांना हवाय, म्हणून त्याचे प्रीसेप्टर मिळणं कठीण झालंय. डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट) की मास्टर्स हा वाद वीस वर्षं चाललाय. २०२५ पर्यंत डीएनपीच करायची अशी भूमिका एनपी शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या संघटनेने २०१८ मध्ये घेतली होती, तरी मास्टर्सवर परीक्षाही देता येते आणि नोकरीही मिळते. मी मास्टर्सच केलं.

राज्याचं कोडं मात्र चुकवू नका. विद्यापीठ एका राज्यात, तुम्ही दुसऱ्या राज्यात, तर तुमच्या राज्यात तास भरू देण्याची परवानगी त्या विद्यापीठाकडे हवी. कॅलिफोर्निया राज्याराज्यांतल्या ऑनलाइन शिक्षणाच्या करारात नाही आणि न्यूयॉर्क क्लिनिकल प्लेसमेंटसाठी स्वतःची वेगळी मंजुरी मागतं. त्यामुळे तिथल्या नर्सेसना बऱ्याच ठिकाणी अर्जच भरता येत नाही. विद्यापीठाच्या साइटवर राज्यवार लायसन्सचं पान असतं, ते अर्जाची फी भरण्याआधी वाचा. आरएनचं (नोंदणीकृत नर्सचं) अनेक राज्यांत चालणारं कॉम्पॅक्ट लायसन्स आहे म्हणून निर्धास्त राहू नका, एनपीचं लायसन्स राज्यागणिक वेगळं. आणि पुढे राहायचं कुठे, तेही बघा. टेक्ससमध्ये औषधं लिहून द्यायला डॉक्टरशी लेखी करार लागतो. शेजारच्या न्यू मेक्सिकोत किंवा त्यापलीकडच्या ॲरिझोनात तसा लागत नाही.

पैशांचं थोडक्यात. अमेरिकी श्रम खात्याच्या मे २०२४च्या आकड्यांनुसार आरएनचं मध्यम वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर आणि एनपीचं १,२९,०००च्या आसपास. पण रात्रीचा भत्ता आणि ओव्हरटाइम घेणाऱ्या जुन्या नर्सला सुरुवातीच्या एनपीपेक्षा जास्त मिळू शकतात, हे घरात आधी बोलून घ्या. सरकारी कर्ज ग्रीन कार्डवर मिळतं, एच-वन किंवा एच-फोरवर नाही. जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद. पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलरची मर्यादा आली. महागडं विद्यापीठ निवडताना ही भिंत आता खरी आहे. हॉस्पिटल फीला हातभार लावत असेल तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत त्यावर कर नाही. त्या बदल्यात किती वर्षं तिथेच बांधून राहायचं, ते करारात वाचा.

अर्जातला सगळ्यात किचकट भाग आपल्यासाठी म्हणजे भारतातले कागद. आरएनसाठी एकदा मूल्यमापन झालं होतं ना, तेच चालेल असं वाटतं. बहुतेक वेळा चालत नाही, कारण विद्यापीठाला विषयवार गुण आणि जीपीए दाखवणारा अहवाल हवा असतो. १९९८ मध्ये नाशिकचं आरोग्य विद्यापीठ आलं, त्याआधीच्या बॅचेसची पदवी मुंबई, पुणे वगैरे विद्यापीठांची. आपली कुठली, ट्रान्स्क्रिप्ट कुणाकडून निघणार, हे आधी ठरवा. माझ्या भावाने कॉलेजच्या तीन चकरा मारल्या; दोनदा सही करणाऱ्या मॅडम रजेवर, तिसऱ्यांदा शिक्का कपाटात आणि किल्ली मॅडमकडे. चार महिने हाताशी ठेवा. नुसता जीएनएम डिप्लोमा असेल तर थेट मास्टर्स नाही, आधी ब्रिज (मधला जोडकोर्स) किंवा बीएससी. काही ठिकाणी इथे दहा वर्षं इंग्रजीत चार्टिंग केलेल्या नर्सकडूनही टोफेल ही इंग्रजीची परीक्षा मागतात. चिडून उपयोग नाही, सूट मिळेल का ते विचारा.

निबंधात 'लहानपणापासून सेवेची आवड' लिहू नका, ते सगळे लिहितात. एक पेशंट लिहा. या मुलीने जेवताना सांगितलं होतं, पहाटे चारला एका आजोबांचा श्वास बदललेला तिला मॉनिटरच्या आधी कळला. मी म्हटलं, हेच लिही. शिफारसपत्रं मॅनेजरकडून आणि शक्यतो एका एनपीकडून घ्या. आणि प्रत्येक विद्यापीठाला सर्टिफिकेशन परीक्षेचा पहिल्या प्रयत्नातला निकाल विचारा. सीसीएनई ही मान्यता देणारी संस्था ८० टक्क्यांची अपेक्षा ठेवते. त्याखाली असेल तर कारण विचारा.

पुण्या-मुंबईतून 'घरबसल्या अमेरिकेचा एनपी' विकणारे एजंट अधूनमधून फोन करतात म्हणे. अमेरिकेतलं आरएन लायसन्स नसेल तर प्रवेश नाही, आणि तास अमेरिकेतच भरायचे. विद्यार्थी व्हिसावर येऊन संपूर्ण ऑनलाइन कोर्सही करता येत नाही. भारतात क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे, पण तो हॉस्पिटलात राहून पूर्णवेळ करायचा.

त्या रात्री आम्ही अकरातून पाच नावं ठेवली आणि पाचही ठिकाणी एकच मेल पाठवला: ह्यूस्टनमध्ये ॲक्यूट केअरची जागा मिळाली नाही तर तुम्ही काय करता, लेखी कळवा. दोघांचं उत्तर दोन दिवसांत आलं, त्यातल्या एकाने प्लेसमेंटवाल्या बाईंचा थेट नंबर दिला. एकाने गोलगोल लिहिलं. एकाचं उत्तर अजून यायचंय. आणि एकाने तेच माहितीपत्रक पुन्हा पाठवलं, 'लवकर अर्ज करा, फी माफ' असं लाल अक्षरात लिहून.