23 पोती, 43,170 रुपये

दोन महिने कुणाला बोललो नाही. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात चार वर्षं असलेल्या माणसाला कुणीतरी रद्दी विकून गेलं, हे सांगायचं कुठल्या तोंडाने? पोतं घेताना आधी तळ बघायचा, हे मीच नव्या पोरांना शिकवतो.

सोलापूर जिल्ह्यातलं एक गाव. तिथलं वाचनालय बंद पडतंय, 1,150 पुस्तकं, सरसकट 40 रुपये नग, म्हणजे 46,000. बोलणारा स्वतःला ग्रंथपाल म्हणवत होता, अगदी अदबीने बोलायचा. व्हिडिओत कादंबऱ्या, चरित्रं, दिवाळी अंकांनी भरलेली तीन कपाटं. माझा हिशोब सरळ होता. 40ला घेतलेली कादंबरी पोस्टखर्च वगळून 110-120ला जाते. निम्मा माल पडून राहिला तरी पैसे सुटतात. पुण्यातल्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात फिरून असा लॉट मिळत नाही. हावरटपणा म्हणा. माझ्या जागी तुम्हीही घेतला असता.

व्हिडिओत त्याने एक पुस्तक उघडलं, शिक्का आणि दाखल क्रमांक दिसला. सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकं अशी फोनवर विकता येत नाहीत. निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून पुस्तकं रीतसर कमी करणं, करावं लागतं, कार्यकारी मंडळाचा ठराव लागतो. मला हे माहीत होतं. मी विचारलंसुद्धा! "ठराव झालाय ना?" "झालाय की दादा, सचिव परगावी गेलेत, आले की फोटो टाकतो." आणि मी "बरं" म्हणालो. शिक्क्यावरचं गाव भलत्याच तालुक्यातलं होतं, हे व्हिडिओ थांबवून वाचलं ते नंतर. पैसे गेल्यावर.

10,000 आगाऊ, बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर 36,000. बिल्टी खरी होती, माल खरंच आला, हीच तर मेख. भाडं 3,850, हमाली 600. 23 पोती. प्रत्येकात वर तीन-चार चांगली पुस्तकं, आणि खाली? राज्यसेवा मुख्य परीक्षेचे वस्तुनिष्ठ प्रश्नसंच. ती परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, त्यांना आता कुत्रं विचारत नाही. जीएसटीच्या आधीची व्हॅटची पुस्तकं. आणि दोन पोती भरून भारतीय दंड संहिता, जी 1 जुलै 2024 ला संपली. त्यातलं 420 कलमाचं पान मी उघडून वाचलं.

पोलिसांकडे गेलो तर पहिला प्रश्न, "माल मिळाला ना? मग हे दिवाणी प्रकरण." म्हटलं, साहेब, नव्या न्याय संहितेत फसवणुकीला 318 कलम आहे. माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच पोती पाठवली. मग, "तिकडे जाऊन तक्रार द्या." हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 कलमात लिहिलंय. तेही सांगितलं. दीड तास बाकावर बसवलं आणि एक साधा अर्ज ठेवून घेतला. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, पण खातं तोवर रिकामं. पहिल्या तासात फोन करा; मी तीन दिवस लाजण्यात घालवले. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, पुन्हा विकायला घेतलं म्हणजे तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही. मग मी कोण? रद्दीवाला?

पाठवलेल्या व्हिडिओवर जाऊ नका, चालू व्हिडिओ कॉलवर आपण बोट दाखवू ते पुस्तक काढायला लावा. पोती शिवताना आपला माणूस हवा, पाचशे रुपये देऊन का होईना. बिल्टीवरून माल निघाला एवढंच कळतं, काय निघालं ते नाही. आणि ठराव आधी, पैसे नंतर.

560 किलो रद्दी 13 रुपयांनी गेली, 7,280 आले. भाडं-हमाली धरून 43,170 बुडाले. राहिलेल्या 87 पुस्तकांपैकी 31 वर त्या दुसऱ्या तालुक्यातल्या वाचनालयाचा शिक्का आहे. चोरीची असणार, विकता येत नाहीत. बायको म्हणते, नेऊन द्या. एसटीचं भाडंही माझंच.